आजी, तिचे रेशीमकिडे आणि विहीणबाई

अन्याय माझ्या आजीवर झाला. कुंभकोणमला बारा वर्षांनी येणारा महामहमचा मेळा भरला त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या सोमवारी, सकाळी, पाळण्याच्या दोऱ्यांना फुलांच्या माळा गुंडाळून झाल्यावर आणि बाळ पाळण्यात घालण्याच्या आधी. जागा आमच्याच घरातलं मधलं दालन. बारसं माझ्या अक्काच्या मुलाचं. अक्काच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, आजीसमोर हात आडवा धरून म्हणाल्या, "तुम्ही नको. तुम्ही लांबूनच आशीर्वाद द्या."

कुणावर, कधी, कुठे, हे मी आधीच सांगून टाकलं. सवय आहे. आमच्या सुधारक मंडळाची पत्रकं मी लिहिते आणि मामाच्या छापखान्यात ती छापली जातात. मामाचा नियम असा की पहिल्या ओळीत माणूस दिसला पाहिजे. "नाहीतर लोक तुझ्या क्रांतीत सुंडलाचे उकडलेले हरभरे बांधून नेतात," तो म्हणतो. नेतातही. बालविवाहावरचं माझं सगळ्यांत जहाल पत्रक मी देवळाबाहेर एका माणसाच्या हातात तेलकट होऊन चुरगळलेलं पाहिलं आहे.

पण आजीबद्दल लिहायचं तर नुसतं रागावून भागणार नाही. ती गेल्या धनुर्मासात गेली. दुपारचं जेवली, जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही. जिवंत होती तेव्हा रागावलेलं माणूस समोर आलं की ती त्याला आधी बसवायची, काहीतरी खायला घालायची आणि मग विचारायची, "हां, आता सांग, कोणाला फाशी द्यायचें आहे?"

आजी इटलीची. मिलानच्या वरच्या अंगाला डोंगर आहेत, तळी आहेत, त्यातल्या एका तळ्याकाठच्या गावची. तिचे वडील रेशमाचे जाणकार. म्हैसूर संस्थानात रेशीम कसं वाढवावं हे शिकवायला ते आले आणि आई नसलेल्या मुलीला बरोबर घेऊन आले. आमचे आजोबा त्यांच्या हाताखाली कामाला लागलेले. पुढे काय झालं ते आजी एका वाक्यात सांगायची : "बापानें किडे शिकविले, मी बाकीचें."

लग्न करून दोघं कुंभकोणमला आली. आजोबांनी इथल्या विणकरांना म्हैसूरचं रेशीम आणून विकायचा धंदा धरला. जातवाल्यांनी वाळीत टाकलं. पणजी, म्हणजे आजीची सासू, ओट्यावर उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरें झालें! तुमच्या घरची अळणी जेवणें चुकलीं." वाळीत टाकणं काही वर्षांत आपोआप विरलं. पणजी भजनाला जवळच्या गोविंदपुरमच्या मठात जाताना सुनेला बैलगाडीत शेजारी बसवून न्यायची, आणि जो कुणी तोंड फिरवील त्याला नाव घेऊन हाक मारायची. नाव घेऊन हाक मारल्यावर किती दिवस तोंड फिरवणार?

सासूनं सुनेला पहिल्या दिवशी पिठलं-भात वाढला. आजी पिठलं पाहून रडायला लागली. पणजीला वाटलं, तिखट लागलं. तिनं ताक पुढे केलं, साखर पुढे केली, शेवटी घाबरून वैद्याला बोलवायला माणूस धाडणार तोच आजोबा आले. मग कळलं, तिच्या गावी मक्याचं पीठ अस्संच पातेल्यात घोटतात, पिवळंधमक, आणि लाकडी पाटावर पालथं घालतात. समुद्र ओलांडून ती इतक्या लांब आली आणि पानात तिच्या आईचं जेवण. त्यानंतर आमच्या घरी पिठलं नेहमी पाटावर पालथं घालून, सुरीऐवजी दोऱ्यानं कापून वाढलं गेलं. मी शाळेत जाईपर्यंत समजत होते की सगळे मराठी लोक पिठलं दोऱ्यानं कापतात.

मराठी ती पणजीकडून शिकली, म्हणून तिची मराठी पणजीची. आमचं घराणं तंजावरच्या मराठी राज्याबरोबर इकडे आलेलं, त्यामुळे घरातली बोली मुळातच जुनी. एकदा पुण्याचे कुणी पाहुणे आले होते, ते आजीला ऐकून म्हणाले, "या बाई बखरीतल्यासारख्या बोलतात." आम्ही पोरं घराबाहेर पडलो की तमिळमध्ये शिरायचो आणि पुष्कळदा घरात येतानाही तीच तोंडात घेऊन यायचो. आजी उंबऱ्यातच अडवायची. "पाय धुतलेस. जीभ?" मग जिभेनंही मराठीत यायचं. निळ्या डोळ्यांची, पांढऱ्या नऊवारीतली म्हातारी उंबऱ्यात उभी राहून मराठी मुलांना मराठी बोलायला लावते आहे, यात काही नवल आहे असं आम्हाला वाटलंच नाही.

गल्लीतल्या तमिळ बायका तिला वेळ्ळै पाट्टी म्हणायच्या, गोरी आजी. युद्धाच्या वेळी इटली शत्रूच्या बाजूला गेली तेव्हा चौकशीला एक पोलिसदादा आला. त्यानं विचारलं, इथे कुणी इटालियन बाई राहते का? आजी ओट्यावर वाल सोलत बसली होती. तमिळमध्ये म्हणाली, "राहते, पण आत्ता कामात आहे. तू बस, कॉफी घे." तो बसला. कॉफी घेतली. वाल सोलू लागला. जाताना म्हणाला, त्या बाईला सांगा, काळजी करू नका. पुढे महायुद्ध संपेपर्यंत तो अधूनमधून शत्रूची चौकशी करायला येत राहिला, दुधाची कॉफी झाली असेल अशा वेळी.

आता रेशीम. कारण भांडण तिथेच येऊन पोचणार आहे.

आजोबांचा धंदा सुताचा, किड्यांचा नव्हे. पण आजीला वर्षातून एकदा तरी किडे पाळल्याशिवाय चैन पडत नसे. तिच्या गावी प्रत्येक घरात बायका ते पाळायच्या, तिची आई, आईची आई. म्हैसूरकडच्या एका स्नेह्याकडून अंडी चिकटवलेला कागद टपालानं यायचा. खसखशीसारखी अंडी. परसात तुतीचं झाड होतं, पाल्याची ददात नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिनं कोष उकळायला ठेवले. रेशमाचा धागा सलग काढायचा तर कोष किड्यासकट उकळावा लागतो, जगभर असंच करतात. पणजीनं झाकण उचललं.

"काय शिजवितेस?"

"रेशीम, आत्याबाई."

पणजीनं वाकून पाहिलं. "हे तर जीव आहेत! माझ्या चुलीवर जीव शिजवायचे नाहींत."

"मग तुमचें सोवळें कशाचें आहे, आत्याबाई?"

पणजी तेव्हा पूजेसाठी रेशमी लुगडं नेसून उभी होती. सुनेनं कुचकटपणे विचारलं नव्हतं, तिला खरंच ठाऊक करून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी पणजीनं निकाल दिला, आणि तो आमच्या घरचा कायदा झाला : बाहेरचं बाहेर, पण या घरात पतंग कोष फोडून उडून गेल्याशिवाय कोषाला हात लावायचा नाही.

फुटलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही. तो कापसासारखा पिंजून टकळीवर कातावा लागतो. सूत निघतं खरबरीत, गाठाळ, ताकाच्या रंगाचं. त्याला बाजारात कोण विचारतो? म्हणून आजी त्या सुताच्या कुंच्या विणायची. घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला एक कुंची, आणि ती डोक्यावर घालून बाळ पहिल्यांदा पाळण्यात ठेवायचं ते आजीनं. हेही पणजीनंच ठरवलेलं. घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईनं बाळ पाळण्यात घालायचं, आणि पणजी गेल्यावर थोरली कोण, तर आजी. अक्काला तिनं घातलं, मला घातलं, धाकट्या भावालाही घातलं. त्याच्या वेळी आजोबा नुकतेच गेले होते. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही की विधवेचा हात नको. आणि त्या कुंच्या घालून आम्ही वाढलो, चांगले धडधाकट, माझा आवाज तर तीन गल्ल्या जातो.

पण सगळ्यांत मजा पिशवीची. तिच्या गावी वसंतात थंडी सरत नाही, म्हणून बायका अंड्यांचा कागद लहानशा कापडी पिशवीत घालून चोळीच्या आत छातीशी ठेवतात. अंगाच्या उबेनं अंडी फुटतात. आजी तेच कुंभकोणमला करायची! इथल्या उकाड्यात! दिवाळीच्या सुमारास इथला मोठा पाऊस सुरू होऊन हवा जरा गार झाली की तेवढं निमित्त तिला पुरे. आजोबा कपाळाला हात लावायचे. "अगे, रस्त्यावर ठेविलीस तरी फुटतील."

"फुटतील," आजी म्हणायची, "पण कोणाचीं म्हणून फुटतील?"

आता इथून बसनं तिरुक्करुगावूर जवळ. तिथली देवी गर्भ राखते, लांबलांबून बायका येतात. कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या सुनेनं आजीच्या चोळीतली पिशवी पाहिली आणि ठरवून टाकलं की हा तिथलाच प्रसाद. तिला दिवस गेले होते. तिनं पिशवीला हात लावून डोळ्यांना लावला, आणि तिची सुटका सुखरूप झाली. झालं! पावसाळा आला की पोटुशा बायका वेळ्ळै पाट्टीच्या ओट्यावर. आजी प्रत्येकीला सांगायची, "अगं, देव नाही, किडे आहेत."

एक सुतारीण म्हणाली, "असू दे पाट्टी. तीही लेकरंच ना?"

यावर आजी हसली. मला हसू आलं नाही. मी पत्रक लिहिलं, "पिशवीत देव नाही, डोक्यात अंधार आहे", आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरें आहे. छाप. परंतु खालीं लिही, येणें थांबवू नका. या निमित्तानें पोरी दोन घटका बसतात. सासूच्या कागाळ्या सांगतात. मी माझ्या सासूची सांगते. बरें वाटते." मी ते पत्रक छापलं नाही. शेवटची ओळ पत्रकाच्या शिस्तीत बसेना.

महामहमच्या त्या वर्षी अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर तंजावरचं, नवऱ्याची बदली कलकत्त्याला झालेली. बाळ जरा मोठं झालं की सगळी तिकडे जाणार होती. आजीनं वय कधी मोजलं नाही, पण कलकत्ता किती लांब हे तिला ठाऊक होतं. अक्काला दिवस गेल्याचं कळल्यापासून ती सूत कातत होती. पणतू तिला फारसा मिळणार नव्हता, त्याला पाळण्यात घालण्याचं तेवढं मिळणार होतं. "एकदां घातलें म्हणजे मी मोकळी," ती टकळी फिरवत म्हणायची. मी म्हणायचे, असं बोलू नकोस. ती म्हणायची, "मरायला मोकळी नव्हे गे. दुसरी कुंची करायला."

बारशाच्या आदल्या दिवशी विहीणबाई आल्या, बरोबर अक्काचा नवरा आणि त्यांची थोरली लेक, म्हणजे बाळाची आत्या. विहीणबाई वाईट बाई नाहीत. लग्न ठरवायला आल्या होत्या तेव्हा आजीच्या हातची कॉफी दोनदा मागून घेतली होती. त्या दिवशी त्यांना आजी परदेशी वाटली नव्हती. आत्याला पाचवा महिना. आधीची दोन राहिली नव्हती. चालतानासुद्धा पाऊल असं टाकायची जसं काही जमिनीवर दूध सांडलं आहे.

सोमवारी पहाटे मी विहिरीवर पाणी काढत होते. आत्या परसात आली आणि तुतीखाली उभ्या असलेल्या आजीपाशी घुटमळली.

"आजी, लोक म्हणतात..."

"लोक म्हणतात तें नव्हे, मुली. किडे आहेत."

"हात लावू?"

आजीनं तिच्याकडे पाहिलं आणि पिशवी काढून तिच्या हातात दिली. आत्यानं ती पोटाशी धरली. मी दोर हातात धरून उभी, ओठांवर भाषण आलेलं. आजीनं माझ्याकडे पाहून नुसती भुवई उचलली. मी बादली वर ओढली. पिशवी परत आजीच्या चोळीत गेली.

मग ते घडलं. पाळणा सजला, बायका जमल्या, घुगऱ्यांची पातेली आली, बाहेर पाऊस. आजी नवी कुंची हातावर घेऊन पुढे झाली, आणि विहीणबाईंचा हात आडवा आला.

"राग मानू नका हो. रीत असते. एक तर तुमचं कपाळ हे असं. त्यात मूळ परदेशातलं. आमचं पहिलं लेकरू आहे."

आमच्या अप्पांनी, आजीच्या मुलानं, काय केलं? अप्पा शाळामास्तर. वर्गात मोठमोठी पोरं त्यांच्या नजरेनं थरथरतात. ते खांद्यावरचं उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाले, "त्यांचंही म्हणणं... म्हणजे आपण मुलीकडचे..." आई जमिनीकडे बघत राहिली. मुलीकडचे! आपलं घर, आपली आई, आपलं अन्न शिजतंय, आणि मुलीकडचे म्हणून तोंडाला कुलूप. मुलगी देऊन चुकलेल्या माणसाला आपल्याच घरात आवाज राहत नाही, ही रीत ज्यानं काढली तो माणूस मला एकदा भेटायला हवा.

"रीत कुणाची?" मी म्हटलं. "हातात बाळ धरायला कपाळ लागतं का?"

आईनं दंडाला चिमटा काढला. "गप्प बस. तुझं लग्न व्हायचंय अजून."

"नको व्हायला!"

"ऐकलंत?" विहीणबाई सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या.

आजी म्हणाली, "बरें." एवढंच. आणि खांबापाशी जाऊन उभी राहिली. कुंचीची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. तेवढंच मी पाहिलं, पण ते पाहून माझं रक्त इतकं उकळलं, की तितकं जहाल पत्रक मी आजवर लिहिलेलं नाही.

विहीणबाई लेकीला म्हणाल्या, "चल गं, तूच घाल पाळण्यात. आणि नाव सांग."

आत्या जागची हलली नाही. "आजींनी घातलं की सांगते."

"म्हणजे?"

"मी सकाळी त्यांच्या पिशवीला हात लावलाय, आई. पोटाला लावलीय. आणि आता त्यांचाच अपमान करून मी तंजावरला जाऊ?"

विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. "कसली पिशवी?"

शेजारच्या बायकांनी चढाओढीनं सांगितलं. पानवाल्याची सून, सुतारीण, कोण कोण. तिरुक्करुगावूरची देवी काय, प्रसाद काय! आणि विहीणबाईंचा आडवा हात हळूहळू खाली येत होता. माझी स्थिती बघा. आजी जिंकत होती, आणि जिंकत होती ती अशा गोष्टीवर, जिच्याविरुद्ध मी पत्रक लिहून ठेवलं होतं. गप्प बसावं की खरं सांगावं?

आजीनं मला त्या पेचात राहू दिलं नाही. ती पुढे आली. "पिशवींत कांहीं नाहीं, बाई. मी तुमच्या लेकीलाहि सांगितलें. रेशमाचे किडे आहेत. पाहा."

आणि तिनं चोळीतून पिशवी काढून, कागद पाटावर उलगडला.

अंडी फुटली होती. अख्खा कागद वळवळत होता, काळे, केसांएवढे बारीक जीव. कुणीतरी किंचाळलं. एकीनं घुगऱ्यांचं पातेलं उचलून डोक्यावर धरलं, किडे काही उड्या मारत नाहीत तरी. आणि आजी! मी तिला तितकी आनंदलेली फार थोड्या वेळा पाहिली. पाळणा विसरली, अपमान विसरली, समोर विहीण आहे हेही विसरली.

"पाला!" ती ओरडली. "कोंवळा पाला! टोकाचा! भुकेले आहेत!"

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, सगळी माणसं धावली. अप्पा उपरणं डोक्यावर घेऊन पावसात तुतीखाली. जावईबापू, नवं जरीकाठी धोतर, सरळ झाडावर. शेजारणी कोवळी पानं कुठली आणि जून कुठली यावर भांडत. आई विळी घेऊन पाला बारीक चिरायला बसली. आत्याला कुणी उठू देईना, ती हसत नुसती सूचना करत होती, "तो शेंडा! वरचा!" जावईबापूंनी पाय घसरून चिखलात बैठक मारली तेव्हा अक्कानं आतून, बाळंतिणीच्या बाजेवरून, हसून टाळी वाजवली. बारशाला आलेली गल्ली किड्यांना जेवू घालत होती.

विहीणबाई एकट्या पाटापाशी राहिल्या. मी पाहत होते. त्या हळूहळू वाकल्या.

"एवढेसे?"

"एवढेसे," आजी म्हणाली. "महिन्यानें तुमच्या बोटाएवढे होतील."

विहीणबाईंनी आपल्या पदराची जर बोटांत धरली. "यांच्यापासून हे?"

"होय."

"आणि मग यांचं काय होतं?"

"त्यांत मरतात." आजीनं पदराकडे बोट केलं, मग कुंची पुढे धरली. "यांत उडून जातात. माझ्या सासूची रीत."

विहीणबाईंनी कुंची हातात घेतली. उलटसुलट केली. "खरबरीत आहे."

"धुतली कीं मऊ होते. तुमच्या सुनेला विचारा, असलीच घालून वाढली."

तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं. भटजींनी ओट्यावरून हाक दिली की वेळ टळते आहे. विहीणबाई ताठ झाल्या, पदर सावरला, आणि माझ्या आयुष्यात ऐकलेलं सगळ्यांत फणकाऱ्याचं आमंत्रण त्यांनी दिलं.

"घाला हो त्याला पाळण्यात. पण ते किड्यांचे हात आधी धुवा!"

आजी इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. मग हात धुतले, दोनदा, विहीणबाईंना दाखवून. बाळाला कुंची घातली. त्याला पाळण्यावरून दिलं, खालून घेतलं, आणि अलगद आत ठेवलं. आत्यानं कानात नाव सांगितलं. नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, पण पोटुशीला कोण मारणार? बायकांचे हात हवेत राहिले. आजीचा हात मात्र खाली आला, धप्पकन, शेजारी उभ्या असलेल्या विहीणबाईंच्या पाठीत.

"आई गं!" विहीणबाई म्हणाल्या. "किती जोर आहे हो!"

"किडे पाळते," आजी म्हणाली.

दुपारी पंगत उठल्यावर मी आजीला गाठलं. मी अजून तापलेली होते. "तू त्यांना तोंडावर का नाही सुनावलंस?"

"सुनावलें असतें तर त्या गप्प बसल्या असत्या. आतां पाहा, कुंची कशानें धुवायची तें दोनदां विचारून गेल्या."

"आणि अप्पांना?"

"तुझ्या अप्पानें किती पाला आणिला, पाहिलास?"

तिचं असंच असायचं. माणसाला माफ करायची ती इतक्या झटकन, की त्यानं माफी मागायच्या आतच ती पुढच्या कामाला लागलेली असायची. ते किडे त्या वर्षी भरपूर वाढले. सगळे पतंग होऊन फडफडले, आजीनं सूत कातलं. पुढे आत्याला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. श्रेय अर्थातच किड्यांना गेलं. मी त्यावर पत्रक काढलं नाही. मुलीला दुसरी कुंची गेली, ती तंजावरला विहीणबाईंनी स्वतः बाळाच्या डोक्यावर बांधली, आणि आजीला मुद्दाम बोलावून घेऊन पाळण्याला पहिला हात तिचा लावून घेतला. आजी बसनं गेली, दोन दिवस राहिली, येताना विहीणबाईंच्या नावानं इतक्या गमती घेऊन आली की आम्ही पोट धरून हसलो.

म्हणजे सगळं गोड झालं. लोक मला म्हणतात, मग तू कशाला रागावतेस? मी सांगते कशाला. ते किडे त्या सोमवारी न फुटता मंगळवारी फुटले असते तर? आत्या पहाटे परसात आलीच नसती तर? माझी आजी खांबापाशी घडी करत, उलगडत उभी राहिली असती, आम्ही घुगऱ्या खाल्ल्या असत्या आणि बाळ कलकत्त्याला गेलं असतं. तिचा हक्क तिला मिळाला तो योगायोगानं. दालनात आम्ही इतकी माणसं होतो, आणि तिच्या बाजूनं उभी राहिली एक भ्यालेली पोटुशी आणि कागदभर किडे. आजीला एवढं पुरलं, कारण ती हसू शकायची. तुमच्या घरातल्या म्हातारीला हसता येत नसेल. तिच्याजवळ पिशवी नसेल.

ती आत्ता कुठे आहे? बारसं असलं, डोहाळजेवण असलं, हळदीकुंकू असलं की ती आपण होऊन मागच्या खोलीत जाते ना? तुम्हाला ते सोयीचं वाटतं ना, की ती स्वतःच समजते, सांगावं लागत नाही? तर आता उठा. हा कागद खाली ठेवा, त्या खोलीत जा आणि तिला सांगा, की या घरातलं पुढचं बाळ तू पाळण्यात घालायचं आहेस. आजच सांगा. आणि त्या दिवशी कुणी नको म्हणालं तर, तुम्ही मुलीकडचे असा की मुलाकडचे, तोंड उघडा.